मुट्टबेड

संकेश्वरात मिरचीचा हंगाम लागला की
पौषापासून चैतापर्यंत
आमची आई कुणाला हात लावायची नाही.

कोरेशेटच्या वखारीत देठ खुडायची ती,
तरटावर, निंगव्वाच्या मांडीला मांडी लावून.
किलोला किती, हे दरसाल भांडून ठरायचं.
दिवस मावळता दोघी खोकत परतायच्या.
हिरण्यकेशीच्या पुलावर कुठंतरी
बोलणं मराठीतून कानडीत जायचं,
खोकला तोच राहायचा.

मी धावत जायचे. आई दोन्ही हात वर धरायची,
पोलिसानं बंदूक रोखल्यागत,
आणि निंगव्वा ओरडायची,
मुट्टबेड! मुट्टबेडव्वा!
शिवू नको गं बाई.
बरेच दिवस मला वाटत होतं
ते माझंच लाडाचं नाव आहे.

धाकटा रडायचा.
ती कोपरानं पाळणा हलवायची,
कपाळानं त्याचं पोट घुसळायची.
शेंगतेल, ताक, राख, चिंचेचा कोळ,
काही लावलं तरी बोटांतला जाळ बोटांत.
परातीतल्या पाण्यात हात सोडून
ती भिंतीला टेकून झोपायची.

त्याआधी आप्पा तिला भाकरी चारायचे,
दिवा बारीक करून, आम्ही बघू नये म्हणून.
आम्ही बघायचो.
मोठा केलासा घास, ती म्हणायची.
पुढचा ते लहान करायचे.
दोघांचं दुसरं बोलणं
मी फारसं ऐकलेलं नाही.

एकदा आई तापानं पडली,
आठवड्याची मजुरी आणायला मी गेले.
शेटाणीनं उंबऱ्याआतून पैसे सोडले,
वरून. चिल्लर ओंजळीत बसली नाही.
वाकून तिच्या पायरीवरचं नाणं उचलताना
तीसुद्धा म्हणाली, मुट्टबेड.
तोच शब्द, तेवढीच अक्षरं.
तिचे हात तर गार होते, काचेच्या बांगड्यांचे,
कुणाला पोळले नसते.
घरी मी फक्त पैसे दिले.

माझं लग्न गडहिंग्लजला झालं.
पहिल्या आठवड्यात सटवाजीनं मानेला हात लावला
आणि माझे दोन्ही हात वर गेले.
तो हसला. मग हसायचा थांबला.
मी सगळं सांगितलं, वखार, परात, पायरी,
सांगता सांगता लाईट गेली, ते बरंच झालं.
पुढच्या खेपेला त्यानं आईसाठी
लाईन दुरुस्तीचे रबरी हातमोजे नेले, काळे, कोपरापर्यंत.
तिनं ते धुऊन देवाजवळच्या खुंटीला टांगले.
घालून बघ की, मी म्हटलं.
देठ गावत नाही गं त्यात, म्हणाली,
खरं जावई चांगला हाय.

आता सहा वर्षं झाली, तिनं मिरची सोडून.
बोटांच्या टोकांना काही कळत नाही तिच्या,
सुई टोचली तरी रक्त दिसल्यावर समजतं.
नातीचा ताप ती ओठांनी बघते.

आणि अजून,
पोरीला उचलायच्या आधी, दर वेळी,
आई आपलं बोट
स्वतःच्या डोळ्याला लावते,
आत, कोपऱ्यात,
आणि थोडी थांबते.
पोर हात पसरून वाट बघते.
झोंबलं नाही,
मग घेते.