पलटी

तलावाला भिंत नसते.
पाळीपासून बेशरमाच्या झुडपांपर्यंत
जाळ्याच्या दोरीनं मोजले पन्नास मीटर,
बांबू रोवला.
भुमेश्वरी त्याला शिवून वळते,
पायाखाली नुसता गाळ.

नागपूरचं टाकं पंचवीसचं.
दर पलटीला पोरी भिंतीला लाथ मारून
हिच्यापुढं दोन हात.
त्यांच्या पोशाखावरून पाणी घरंगळे
धोप्याच्या पानावरून जसं;
चढवायलाच म्हणे अर्धा तास लागतो.
हिचा, मावशीनं शिवलेला, पाठीवर फुगलेला.

परतीच्या एसटीत बोलली, पार तुमसर आल्यावर :
"कपडा राहू दे गा भाऊ.
भिंत पाह्यजे."

म्हणून आज धिवरांचा जुना डोंगा
दोन खुंट्यांना आडवा बांधलाय.
लाथ बसली.
डोंगा हातभर मागं सरकला,
पोरगी जेमतेम तेवढीच पुढं.

दोऱ्या आवळायला मी पाण्यात उतरलो.