पाच हजार एकशे नऊ

तिसरी मुलगी, म्हणून मी काबुघो.
आमच्यात नाव शोधत बसत नाहीत,
पोर कितवं ते मोजतात, की झालं.
मोजायची सवय तिथूनच.

पहाटे अडीचला एलेनाची झोपडी सोडली.
दोराच्या दुसऱ्या टोकाला ओजांबो मास्तर,
बुसियाचे, भूगोलाचे, आता निवृत्त.
एकतीस वर्षं त्यांनी हा डोंगर फळ्यावर काढला
आणि घंटा झाली की पुसला.
खिशात खडूचा तुकडा होता.
वर ठेवणार म्हणाले,
"पेरभर उंची वाढेल, पुस्तकं बदलावी लागतील."
आणि स्वतःच हसले, खोकला येईपर्यंत.

बाबांनी दोर माझ्या हाती दिला तेव्हा
सांगितलं होतं:
चढणारा माणूस खोटं बोलतो.
लबाड नसतो गं, हवाच विरळ असते.
कसं वाटतंय, असं विचारू नकोस.
झोपेतून उठवलं तरी येईल
असं काहीतरी विचार.

मार्चमध्ये शिडी जिथे टेकायची
तिथे आता ती हातभर तोकडी.
बर्फ दरवर्षी मागे सरतंय,
त्याला कुणी भित्रं म्हणत नाही.
आम्ही वळसा घातला. त्यात तास गेला.
नऊला दहा कमी असताना
मास्तरांचा हातमोजा पडला,
आणि ते त्याच्याकडे बघत राहिले,
दुसऱ्या कुणाचा असावा तसे.

"मास्तर, किती मीटर?"

पहिल्या बाकावरच्या पोराकडे बघावं
तसं बघून हसले.
"एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी," म्हणाले.
नोकरीला लागल्याचं साल असेल.
आणि थांबले,
मी शाबास म्हणायची वाट बघत.

"परत," मी म्हणाले.

अर्धा तास राहिलाय, ते म्हणाले.
खरंच अर्धाच तास राहिला होता.
वरची पाटी दिसत होती,
तिच्यावरचा गंजही दिसत होता.
आभाळात बोट दाखवायला एक ढग नाही.
निदान वारा तरी सुटायचा होता,
त्याच्यावर ढकललं असतं सगळं.

बाबांच्या दोराला एकदा
असाच अर्धा तास जास्त लागला होता.
त्या बाईंचे बूट अजून आमच्या पडवीत आहेत.
न्यायला कुणी आलं नाही.
आई डिसेंबरात त्यांना तेल लावते,
आणि त्या दिवशी
बाबा शेतावर लवकर जातात.

हे मास्तरांना सांगितलं नाही.
दोर आखडून घेतला, एवढंच.

उतरताना पाहुणा पुढे, वाटाड्या मागे,
तोंड दिसत नाही, ही एक सोय.
टोपीची मागची बाजू मात्र
माझ्याशी दिवसभर बोलली नाही.
खाली दलदल लागली. गमबूट गुडघ्यापर्यंत रुतायचे
आणि चुंबनासारखा आवाज करत निघायचे,
एरवी या आवाजाला सगळे हसतात.
माणसाहून उंच लोबेलिया दोन्ही बाजूंनी
मयताला आल्यासारखे उभे.
मागे शिखर संध्याकाळपर्यंत लख्ख.
अख्ख्या मोसमात इतका चांगला दिवस नव्हता.
मी चारदा वळून बघितलं.
पाचव्यांदा मान दुखली म्हणून नाही.

बुजुकूला ब्वाम्बालेनं चहा टाकला,
साखर नेहमीच्या दुप्पट, कसावा उकडलेला.
मास्तरांनी कप दोन्ही हातांत धरला,
दोनच घोट घेतले, आणि
"पाच हजार एकशे नऊ,"
कुणी विचारलं नसताना.

ब्वाम्बालेनं चुलीतून मान वर केली.
मी केली नाही.

मग त्यांनी खिशात हात घातला.
खडूची भिजून पेज झाली होती.
बोटं बघितली, पांढरी,
तास संपल्यावर असायची तशी,
आणि पँटला पुसली.

बराच वेळ लाकडं तडतडली.
"परत?" त्यांनी विचारलं.

मागे आलो ते म्हणत होते,
की पुन्हा कधी, ते,
मी विचारलं नाही.
कप रिकामा होता. भरला.