समकक्ष

मारुतीच्या पायऱ्या उतरलं की मळ्यात उजव्या हाताला
माझं टेबल, दोन खुर्च्या आणि एक शिक्का
ज्याच्यावर माझं नाव पोर्तुगीजमध्ये जरा लांब होतं.
गुणपत्रिका अनुवादून देतो. पानाला तीनशे.
शपथेवर.

आज लिबानिया आली, हळदोण्याची.
नवरा आधीच गेलाय ओदिवेलशला, हॉटेलात भांडी घासतो.
सोबत मुलगा, जेडन, चौथी पास,
गुडघ्यावर ताजी खपली.
"मास्तर, थंय शाळा कशी असता?"
मी मास्तर नव्हे. चष्मा जाड असला की लोक म्हणतात.

एका रद्द अर्जाच्या पाठीवर जिना काढला.
पहिल्या चार पायऱ्या एकाच बाईंच्या हाताखाली.
मग दोन, तिथे तासागणिक माणूस बदलतो.
मग तीन.
मग आणखी तीन, आणि तिथे वाट फुटते,
एक विद्यापीठाकडे, एक हाताला काम शिकवणारी.
बारा सक्तीच्या. अठरा पुरी होईतो सरकार
मधल्या पायरीवरून घरी जाऊ देत नाही.
फी नाही. पुस्तकं सरकारची,
वर्षाअखेर परत द्यायची, रेघ न मारता.
शाळा तिथे सुट्या नसतात,
चारपाच मिळून एक खटलं, वर एक कारभारी.
लहानांना आकडे नाहीत, नुसते शब्द:
पुरेसं, चांगलं, फार चांगलं.

"आणि नापास?" जेडन.
"अपुरं."
त्याने शब्द तोंडात घोळवला.
परवडेल, असा चेहरा केला.

वरच्या तीन वर्गांत मात्र गुण विसांपैकी.
विसांत चौदा म्हणजे बरा, हे मला कुणी सांगायला नको.
लिसेंवात तिसऱ्या वर्षाला गणितात माझे चौदाच होते.
डिसेंबरात नाताळची सुट्टी लागली
आणि जानेवारीत सरकार दुसरं होतं.
वडिलांनी उचलून म्हापशाला इंग्रजी शाळेत घातलं,
माझ्या खांद्याला लागणाऱ्या पोरांत.
त्या चौदाचं पुढे काय झालं
कुठल्याच कचेरीने कळवलं नाही.

त्याआधीची गोष्ट. सकाळी
लिस्बन ते पोर्तू आगगाडीची स्टेशनं पाठ
(आगगाडी मी पुढे सातेक वर्षांनी पाहिली, मडगावला),
संध्याकाळी देवळाच्या अग्रशाळेत
पुर्सो शणै कंदिलाखाली मोडी गिरवून घ्यायचे.
एकदा भर वर्गात पाण्याला उदक म्हणालो.
पालमातोरीला पाच भोकं होती.
तळहातावर पाचही उठायची, फुलासारखी नव्हे,
बटणांसारखी.

लिबानियाने पुढे केलेल्या कागदात,
तिथल्या शाळेने पाठवलेल्या विषयांच्या यादीत,
सहावी ओळ:
पोर्तुगीज, मातृभाषा नसलेली.
विषयाचं नाव आहे हे. तास आहेत त्याला, वेगळी बाई आहे.
मी चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं.
नाव तेच.
साठ वर्षं उशिरा का होईना, कुणीतरी
सरकारी कागदावर हे कबूल केलं,
तेही दुसऱ्याच्या मुलाच्या अर्जात.

खाली रिकामी जागा: मातृभाषा.
"इंग्लिश घाल," लिबानिया म्हणाली.
मी मुलाकडे पाहिलं.
"घरा कोंकणी. शाळेंत इंग्लिश.
पप्पाकडेन फोनार कशेंय."
ओळ चार बोटांची होती. मी शपथ घेतलेला माणूस.
कोंकणी लिहिलं.
लिबानिया काही बोलली नाही, पर्सची चेन उघडबंद करत राहिली.

दोन पानांचे पैसे घेतले.
जिना काढलेला कागद तसाच पडला होता.
जेडनने माझं पेन ओढून घेतलं,
जीभ बाहेर काढून, सावकाश,
बाराही पायऱ्यांना कठडा काढला.
मग विचारलं, हा नेऊं?

शिक्का ओला आहे, म्हटलं, सुकू दे आधी.