वीतभर खाली

ब्ल्वाच्या स्टेशनावर उतरलेले सगळे
किल्ल्याकडे वळले.
मी उताराला लागलो.
उतार संपतो तिथे नदी असणार,
एवढं कुठल्याही परक्या गावात कळतं.

ल्वार जुलैत अगदीच रोडावलेली.
पुलाच्या अर्ध्या कमानी वाळूत उभ्या,
वाळूवर नदीसुरयांचा कलकलाट,
आणि काठावर पाटी, पोहायला मनाई.
या घोटाभर पाण्याला कोण भितं,
मनात म्हटलं, आणि जीभ चावली.
एकतीस वर्षं पाटबंधारे खात्यात
मी नदीची उंची वहीत उतरवली आहे,
पहाटे सहाला, मोजपट्टीवर विजेरी धरून.
शांत पाण्याबद्दल असं बोलू नये.

पूल ओलांडला. पलीकडच्या वस्तीचं नाव व्हिएन.
ऑस्ट्रियातलं नव्हे. इथे एक बेकरी,
छत्र्या दुरुस्त करणाऱ्याचं बंद दुकान,
आणि कोपऱ्यावरच्या दगडात कोरलेल्या
तीन आडव्या रेघा:
अठराशे सेहेचाळीस, छप्पन्न, सहासष्ट.
दहा दहा वर्षांनी,
पाहुण्याने तिथी धरून यावं तसं.

आमच्याकडे नकाशावर निळी रेषा असते, लाल रेषा असते,
आणि लाल रेषेच्या आत
चार मजली इमारत असते, परवान्यासकट.

‘किल्ला तिकडे,’ मागून आवाज आला.
चाकांच्या पिशवीला टेकलेली बाई,
पिशवीतून कांद्याची पात डोकावणारी.
माझं फ्रेंच चाळीस शब्दांचं.
त्यातला ‘पाणी’ मी दोनदा खर्च केला
आणि दगडाकडे बोट दाखवलं.
तिने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं,
कपडे बेतणारा शिंपी पाहतो तसं,
आणि म्हणाली, ‘या.’

सोलांज बेर्जेरो. वय शहाऐंशी.
स्वयंपाकघरातलं कपाट सरकवायला
तिने मला एक बाजू दिली.
मागे भिंतीत तीच रेघ, छप्पन्नची,
आणि तिच्याखाली पेन्सिलीच्या बारीक रेघा,
शिडीच्या पायऱ्यांसारख्या,
प्रत्येकीपाशी नाव आणि वर्ष.
मार्लेन. गिस्लेन. एर्वे.
या घरातलं कुणी अजून पुराएवढं झालेलं नाही.
नातू झाला होता गेल्या नाताळात,
पण बूट घालून. तो धरला नाही.

एर्वेच्या रेघा सतराव्या वर्षी थांबतात.
मी काही विचारलं नाही.
‘नदी नव्हे,’ ती आपण होऊन म्हणाली, ‘मोटारसायकल.’
नदीवर उगाच आळ नको म्हणून.

मग तिने मला बूट काढायला लावले.
भिंतीला टाच, पाठ, डोकं.
डोक्यावर टेलिफोनची जुनी डिरेक्टरी आडवी.
स्टुलावर चढलेल्या तिच्या हाताला
लोण्याचा आणि शिशाचा वास.
साठी उलटल्यावर कुणी माझी उंची मोजावी
आणि मी श्वास धरून उभं राहावं!
नाव विचारलं. पद्माकर.
तीनदा सांगूनही तिने लिहिलं ते ‘पामाकार’.
राहू दिलं.
तेवढ्या अक्षरांचा मीही त्या भिंतीवर आहे,
रेघेच्या वीतभर खाली,
मार्लेनच्या जरा वर.

कपाट परत सरकवलं. फरशीवर चरा उठला.
‘जुनाच आहे,’ असं काहीतरी ती म्हणाली असावी.

परतताना पुलावर थांबलो.
खांबाला मोजपट्टी होती, सवयीने वाचली.
आकडे शून्याशी संपले होते,
आणि पाणी शून्याच्याही खाली,
हातभर तरी.
पात्रच खचत गेलं असणार,
पट्टी जिथल्या तिथे राहिली.

एकतीस वर्षांत
वहीत उणे लिहायची वेळ
माझ्यावर कधी आली नव्हती.
खिशात तिकिटाचा कागद होता.
वेळ लिहिली, चार वाजून दहा मिनिटं.
पुढे आडवी रेघ काढली,
आणि हात तिथेच थांबला.