वही देताना

माझी वही मागितलीस, घेऊन जा.
पण कव्हरच्या आतली किल्ली आधी वाच,
नाहीतर वाटेल, शाईतून कोंबडी चालून गेलीय.

वा म्हणजे वादी. प्र म्हणजे प्रतिवादी.
प्रतिफलालाही मी आधी प्रच लिहायचे,
करार कायद्याच्या पहिल्या चाचणीत
सगळा मोबदला प्रतिवादीलाच देऊन बसले.
आता तिथे रुपयाची खूण आहे.
उलटा विळा म्हणजे कलम, दोन विळे पोटकलम.
एकटीच वेलांटी दिसली
तर बेडसे सर खोकले असं समज;
तेवढ्यात एक वाक्य गेलं, ते गेलंच.

जिथे अक्षर नाचतंय
ती पानं नरडाण्याच्या एसटीतली.
सर बोलतात धुळ्यात,
माझं समजणं सोनगीरला सुरू होतं,
स्टँडमागे तांबट हंड्याला ठोके देत असतात तेव्हा.

एक्केचाळिसावं पान मात्र आत्ता उघड, माझ्यासमोर.
मे महिना. जिल्हा कोर्ट. पंखा होता, वारा नव्हता.
पिंजऱ्यात मुडावदचे लोटन आप्पा,
टोपी हातात.
वकिलांनी विचारलं, तुम्ही पाहिलं का?
"मी आयकं. देखं नई."

तेव्हा माझं 'नाही' म्हणजे
शब्दाखाली एक टिंब.
मी लिहिलं: सा. ऐ., सा. पा.
पा खाली टिंब दिलं
आणि हनुवटीवरचा घाम नेमका तिथंच पडला.
रात्री घरी बघते तर
टिंबाच्या जागी निळं तळं,
आणि लोटन आप्पांनी सगळं
डोळ्यांनी पाहिलेलं.

भदाणे अण्णांकडे गेले.
तीस वर्षं कोर्टात लघुलेखक,
बोटावर अजून पेन्सिलीचा घट्टा.
मला वाटलं, हसतील.
त्यांनी पान खिडकीशी धरलं, बराच वेळ.
"पोरी, सारं तोड.
माननीय तोड, सदरहू तोड,
उपरोक्त तर तोडच.
नईले हात नको लावजो."
मग चहा बशीत ओतता ओतता,
"अन् परंतुले बी."

म्हणून पुढची पानं बघ.
सगळीकडे काटक्या, आकडे, विळे,
आणि मधेच पूर्ण वाढलेलं, काना-वेलांटीसकट,
नाही.
दोन ओळी सोडून, परंतु.
परंतुनंतर मी थोडी कोरी जागा ठेवते,
तिथून कायदा कुठे वळेल सांगता येत नाही.
एका ठिकाणी 'नई'च लिहिलंय.
ते खोडू नकोस, चूक नाही ती.

शुक्रवारी परत दे.
झेरॉक्स काढलीस तरी चालेल,
पण खुणा तुझ्या तूच कर,
माझ्या खुणांत माझाच घाम आहे.
बेडसे सर फेब्रुवारीत निवृत्त होतायत,
यंदा सगळं दुप्पट वेगात घेतील.
पहिल्या बाकावर बस.
रुमाल ने. मोठा.