पंचनामा, गल्ली नंबर चौदा

फॉर्मवर रकाने आहेत: पूर, आग, वीज, गारपीट, भूकंप.
वावटळीला रकाना नाही.
मी 'इतर'वर खूण करतो.

वेधशाळेनं फोनवर सांगितलं, कमकुवत होती.
साहेबांनी त्याचं 'किरकोळ' केलं.
एप्रिलच्या सोलापुरात रोजच कुठंतरी धूळ गरगरते,
पोरं तिच्यात चप्पल भिरकावतात, हसतात.
ही मात्र खडीच्या प्लॉटवरून उठली,
वर ढगाला टेकली,
आणि कुंभारी रस्ता ओलांडताना
डावीउजवीकडे बघितलंसुद्धा नाही.

अंबव्वा म्हणते, सुडिगाली.
समोरचे गुरुलिंगप्पा म्हणतात, सुंटरगाळी.
नदाफांची सून म्हणते, बगूला था, और क्या.
तिघांपुढं मान हलवून मी लिहितो: वादळी वारा,
दुपारी चार वाजून दहा मिनिटं.
किती वेळ होता?
"दीड मिनिट," लूमवरचा पोरगा म्हणतो.
अंबव्वा म्हणते, "एक विडी वळायला लागतं तेवढं की."
मग थांबते.
"दोन. दुसरीचा दोरा बांधायचा राहिला."

घर तीनशे सतरा: पत्रे सहा, सापडले चार.
एक विजेच्या खांबाला लुंगीसारखा गुंडाळलेला.
पत्र्यावरचे दगड घरात आले,
त्यातला एक पिठाच्या डब्यात, झाकणासकट.

तीनशे अठरा: काही नाही.
दारावरची लिंबूमिरचीसुद्धा हलली नाही.
घरातली बाई अपराध्यासारखी उंबऱ्यात उभी,
सगळ्या गल्लीला तिसऱ्यांदा चहा पाजतेय.

तीनशे एकोणीस: टाकी, पाचशे लिटर.
पाणी पाच दिवसांआड, म्हणून रिकामी.
रिकामी, म्हणून उडाली.
नदाफांच्या रिक्षावर जाऊन बसली
आणि रिक्षाही बसली.
हे असं लिहिता येत नाही.

तेंदूची पानं कुणाची, सांगता येत नाही.
ओल्या फडक्यात बांधलेली, कापलेली, निवडलेली,
आता तारांवर, गटारात, माझ्या बुटाच्या तळाला.
कारखाना पानं तोलून देतो, विड्या मोजून घेतो.
मी फोन लावतो: साहेब, पानं कशात धरायची?
साहेब म्हणतात, पानं सोड,
घर पडलंय का बघ. अंशतः की पूर्णतः?

अंशतः.
म्हणजे दाराला कुलूप लावता येतं
आणि वरून मांजर उतरतं.

शेवटच्या घरात नरसय्या कोडम,
वय एकोणऐंशी, मिल बंद पडली तेव्हाचे जॉबर.
छप्पर शाबूत. खाटेखालची पेटी उघडी.
काय गेलं, आजोबा?
"मोर," म्हणाले.
मला वाटलं, ऊन लागलं असावं.
मग त्यांनी पुठ्ठ्याची पट्टी दाखवली, भोकाभोकांची:
जकार्डाची कार्डं, चादरीवरच्या मोराची,
तीनशे वीस, दोरीत ओवलेली.
मिल भंगारात गेली तेव्हा एवढंच घरी आणलं होतं.
दोरी तुटली.
पोरं गल्लीभरातून एकेक कार्ड आणून देताहेत,
खारीक मिळाल्यासारखी पळत.
दोनशे चौऱ्याण्णव झाली.
पण कुठल्यामागं कुठलं?
आकडे कधीचेच पुसलेले.
म्हातारा एकेक कार्ड उजेडाला धरतो,
डोळा बारीक करून भोकं वाचतो,
"ही मान... नाही, मान नाही,"
आणि खाली ठेवतो, दुसऱ्या ढिगात.

अंदाजे किंमत?
"लिवा की. रद्दी."
मी लिहिलं नाही. रकाना कोरा ठेवला.
मला वाटतं, नोकरीतला पहिलाच.

रात्री घरी फायली उघडल्या,
तीनशे सतरा आणि अठराच्या कागदांमध्ये
एक कार्ड निघालं.
कोण्या पोरानं घाईत माझ्याच हातात दिलं असणार.
ट्यूबलाइटपुढं धरलं.
नऊ भोकं, मग मोकळी जागा, मग दोन.
डोळा असेल, नख असेल,
किंवा मोरामागची नुसती लाल जमीन.

बायको म्हणाली, जेवून घ्या, काय बघताय?
उद्या मला गल्ली पंधराला जायचंय.
चौदावरून जाईन.