बाणाचा ण

सातवीच्या वर्गात, जेवणाच्या सुट्टीनंतर,
फळ्यावर मी लिहिलं: दृष्टिकोन.
मागच्या बाकावर कंपासपेट्या वाजल्या.
भरमाणानं कोनमापक काढून
वहीवर नीट ठेवला.
हा तसला कोन नव्हे रे, म्हटलं.
मग कसला, टीचर?
मला पटकन सांगता आलं नाही.

धड्यात एक शेत होतं, एक रात्र होती
आणि एक ‘उपद्रवी रानडुक्कर’.
उपद्रवी कोण म्हणालं?
पुस्तक, टीचर.
पुस्तकाचं शेत कुठं आहे?
वर्ग हसला, मग हसता हसता गप्प झाला.
बेळगुंदीत रताळी सगळ्यांच्याच घरी,
आणि ज्याच्या बापानं डबा बडवत
रात्र काढली नाही, असं पोर
माझ्या हजेरीत नाही.

तर मग लिहा, म्हटलं. रात्र तीच ठेवा,
सांगणारा बदला.

दुसऱ्या दिवशी वह्या आल्या.
कुणी टॉर्च झालं होतं, कुणी कुंपणाची तार.
जोतिबानं लिहिलं होतं:
‘मी डुक्कर. मी फार उपद्रवी आहे.’
त्याला जवळ बोलावलं.
तोंड डुकराचं घेतलंस, म्हटलं,
डोळे अजून तुझ्या बाबांचेच आहेत.
त्यानं डोळे चोळून बघितले,
खरंच.

कल्लव्वाची वही सगळ्यांत खाली.
लिहिताना आईनं म्हणे चुलीपासून विचारलं,
‘इदु यार कथी?’
ही गोष्ट कुणाची?
माझा अख्खा तास, तीन शब्दांत.

‘मी रताळं. मातीत आहे. मला काय दिसंना.
वर पाय वाजूलालेत. दोन की चार, कळंना.
कोणतरी उकरूलालंय.
डुक्कर असंल तर चोरी.
मालक असंल तर काढणी.
मला दोन्ही सारखंच दुखतंय.’

लाल पेन उघडून बसले होते.
‘दिसंना’ खोडून वर ‘दिसत नाही’ लिहिलं.
‘वाजूलालेत’पाशी हात थांबला.
बेळगुंदीच्या मातीतलं रताळं
पुण्याचं का बोलेल?
मग माझीच दुरुस्ती खोडली.
पानावर दोन रेघा राहिल्या,
एकीवर एक.

भरमाणानं राखणदार लिहिला होता, बरा होता.
फक्त मथळा चुकलेला: दृष्टिकोण.
बाणाचा ण.
सोळा वर्षांच्या सवयीनं गोल केला,
समासात लिहिलं, नळाचा न.

संध्याकाळची बस.
पुढच्या काचेत गावाच्या नावाची पाटी,
बाहेरच्या माणसांकडे तोंड करून.
आत बसलेल्यांना तिची पाठ,
पुठ्ठा आणि सुतळीची गाठ.
मी रोज बघते ती गाठच.
आणि गणेशपूर यायच्या आधी
कुणीतरी हाक मारावी तसं झालं:
दृष्टी, कोण?
बघणारं कोण?

सकाळी पहिल्यांदा त्याची वही मागितली.
पण पोर शहाणं.
रात्रीच ब्लेडनं खरवडून
त्यानं ण चा न केलेला,
वळणदार, अगदी माझ्यासारखा.
काय बोलणार?
वही खिडकीशी धरली.
कागद तिथं पातळ झाला होता,
आणि उजेडात, न च्या मागं,
बाण अजून होता.